आबांचा गॅस

...आता तुम्हीच सांगा, छातीवर जातं ठेवल्यासारखं होतंय, सदरा घामानं चिंब, डावा हात ओढायलाय, आणि माणूस म्हणतो काय, तर गॅस हाय. माणूस म्हणजे आमचे आबा, माझे वडील, दिनकरराव, बोरीचे. मी म्हटलं, आबा, बीएस्सी झालेय मी, हे हृदयाचं असू शकतं, चला परभणीला. तर म्हणतात, "बीएस्सीला गॅस न्हाई का शिकवत?" आईनं ओवा चारला, शेजारच्या आश्रुबाकाकांनी सोडा पाजला, वर काकांचा मलाच दम, "पोरी, भ्या घालू नको. वांगं बाधलंय. गॅसच हाय."

घ्या.

आता ही माणसं स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढायची नाहीत, पण दुसरं कुणी ॲडमिट झालं की भेटायला सगळ्यात आधी हजर. मी रिकामाच फोन कानाला लावला, "काय सांगतेस ताई, तुझ्या सासऱ्यांना ॲडमिट केलं?" आबा उठलेच. टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, बिस्किटपुडा. "जीप सांग लवकर. व्याह्याला भेटाया न्हाई गेलो तर पोरीला बोल लागंल." अख्खा रस्ता छाती चोळायलेत आणि मला म्हणायलेत, "व्याह्याचं बी गॅसच असंल बघ."

दवाखान्यात विचारलं, "व्याही कुठायत?" म्हटलं, येतीलच, या खाटेवर बसा. बसले की नर्सबाईंनी वायरी लावल्या. कागदावरच्या रेघा बघून डॉक्टर धावलेच. म्हणाले, "काका, हृदयाला रक्त देणारी नळी बंद पडलीय. ठिबकच्या नळीत क्षार साचला की पुढचं झाड वाळतं ना, तसं." आबांना पटकन पटलं. "मग ॲसिड सोडा की. आमी तेच करतोत."

ॲसिड नाही सोडलं, नळीत बारीक जाळी बसवली. रक्त वाहायला लागलं, आबांच्या तोंडावर रंग आला, मी बाहेर येऊन पोटभर रडले. आणि खाटेवर परत आणल्यावर आबांचा पहिला प्रश्न, "व्याही कसे हायत?" व्याही ठणठणीत, भेटायला आलेले, समोर बसून तोच बिस्किटपुडा खात होते.

संपलं असं वाटलं ना? आता बोरीत कुणी ढेकर दिला तरी आबा म्हणतात, "गॅस न्हाई, ब्लॉकेज हाय." काल मी मिरचीची भजी जरा जास्त खाल्ली, छाती जळजळली, म्हटलं गॅस असेल... जीप दारात. रेघा छान आल्या, डॉक्टर हसले, म्हणाले गॅसच आहे. तर आबा माझ्या कानात, "डॉक्टर नवीन दिसायलाय. रातभर थांबू."

म्हणून तर हे सगळं तुम्हाला दवाखान्याच्या खाटेवरून सांगतेय. सरका जरा, व्याही बिस्किटं घेऊन मला भेटायला आलेत.