अंगठ्याचं कुलूप

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाला, नव्या वस्तूंचं भारी वेड. मध्ये त्यांनी दाराला अंगठ्यावर उघडणारं कुलूप बसवलं आणि मला म्हणाले, "बघ, दहा वर्षांत किल्ली काय असते हे पोरांना सांगावं लागेल."

त्याच आठवड्यात आम्ही दोघं दुपारी केळी कापून आलो. नानांनी अंगठा ठेवला तर कुलूप नुसतंच पी-पी करायला लागलं. केळीच्या चिकानं बोटं काळी पडलेली, ते तरी काय ओळखणार? नानांची आई, आमच्या अक्का, मंदिरात गेल्या असतील असं धरून आम्ही शेजारून वाटीभर गोडंतेल आणलं. नाना ओट्यावर बसून अर्धा तास अंगठा चोळत राहिले.

मग कुलूप उघडलं, हिरवा दिवा लागला, पण दार काही हललं नाही. आतून कडी होती.

बराच वेळ दार ठोकल्यावर अक्कांनी कडी काढली.

"अक्का, कडी कसाले लाई?" नानांनी विचारलं.

"तूच सांगं व्हतं, पी-पी वाजनं का परका मानूस शे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आवाज तुनाच वाटना. पन म्हंतं, एवढी महाग मशीन खोटं कसाले बोली?"