उजव्या अंगाची जागा

न्हाई येणार म्हणलं ना — किती बारी सांगू? लातूरहून जळकोट काय लांब न्हाई, गाडी बी तू आणलीस, गार हवेची आणलीस, पुण्याला जाऊन लई मोठा झालास अश्वजित — पर मी न्हाई येणार. तुझा आजा खाटेवर पडलाय, माझं नाव घेऊन राहिलाय, म्हणून मी पळत यायचं? पळता त्याला येतं, मला न्हाई. तू बस, चहा पी, डायवर जेवून येईस्तोवर तुझा तो लॅपटॉपवरचा खेळ खेळ. काय म्हणलास? एकदम खऱ्यावानी? जुन्या काळातलं पायदळ, ढाली, भाले, सगळं पुस्तकं बघून केलंय? दाखव. सरक तिकडं.

ह्या — हे पायदळ? ही तर मोंढ्यातल्या पोत्यांची थप्पी हाय रे. बोट दाबलं की हजार माणूस एकदम वळलं! एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात न्हाई, धूळ न्हाई, खोकला न्हाई, कोणाचं धोतर सुटत न्हाई. आमच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळ्या टोप्यावाल्यांच्या दोन रांगा चौकात वळवायच्या म्हणलं तर अर्धे बँडच्या मागं जातात आन् अर्धे पानटपरीवर — आन् तू हजार वळवून राहिलास. आन् तू सवता कुठंय? वर! घारीवानी. रांगेतल्या माणसाला काय दिसतं म्हाईत हाय? काय बी दिसत न्हाई. दुश्मनाकडं कोण बघतंय? माणूस शेजारच्याकडं बघतो — हाय का अजून, एवढंच बघतो.

बरं, ढाल कोणाची असते, सांग. ज्याच्या हातात हाय त्याची? हॅट्! ढाल डाव्या हातात, म्हंजे तिची निम्मी आड डावीकडल्या माणसाला. म्हंजे माझं उजवं अंग माझ्या ताब्यात नसतंच, ते उजवीकडल्याच्या ताब्यात. हे हाय का तुझ्या खेळात? — हाय? असंल. मी चौथीतून शाळा सोडली, मला कोणतं पुस्तक सांगणार? आन् आमच्याकडं कुठं ढाली होत्या! वस्तीनं लग्नाकार्याला वर्गणी काढून घेतलेल्या पितळी पराती होत्या. नामांतराच्या टायमाला, रेणापूरच्या पल्याड आपलं गाव, वढ्याकडनं जमाव आला वस्ती जाळायला, तवा बोळाच्या तोंडाला आम्ही उभं — काठी उजव्या हातात, परात डाव्या. बोळात चौघंच मावायचे. माझ्या उजव्या अंगाला तुझा आजा, त्याच्या पल्याड भिंत. थोरला भाऊ शेजारी, म्हणलं आता काय बी येऊ दे.

हे काय झालं? पांढरा झेंडा कशाचा? पळाले? — सगळे मिळून, एका टायमाला? थू! असं कोणी पळत न्हाई लेका. रांग एका माणसापासनं फुटते. मी बघितलं तर शेजारी नुसती परात पडलेली. वाजली असंल पडताना, मला ऐकू आली न्हाई एवढा गलका. आन् मग हा हात — बघ, कोपरात सरळ होतो का? कप डाव्या हातात धरतो तो काय शौक म्हणून? त्या उघड्या जागेतनं गेला हा हात. बोळ? बोळ टिकला. मागचा पुढं आला, भिंतीकडंला उभा ऱ्हायला, टिकला बोळ. पर तो भाऊ नव्हता ना माझा.

तोंड का पाडलंस? तो कुठं गेला ते म्हाईत हाय मला. कोणी तरी मागच्या अंगानं पेटती चिंधी टाकली छपरावर, छपराखाली पाळणा, पाळण्यात तुझा बाप. तू काय सांगणार, सगळ्या भावकीनं सांगून झालंय. मी म्हणतो का लेकरू जळू द्यायचं होतं? म्हणलं कधी? पर माणसाला तोंड दिलंय का न्हाई — “नरसिंगा, मी चाललो” — एवढं बोलला असता तर मी एक पाऊल सरकलो असतो, भिंतीला खांदा लावला असता. एक पाऊल. मला काय, तुझा बाप नको होता का? ह्याच हातानं खेळवलाय त्याला... ह्या डाव्या.

काय? मिरवणुकीतली जागा? कोणी सांगितलं तुला — धम्मप्रियानं? ह्या सुनेच्या तोंडात काय बी ऱ्हात न्हाई. हां, ठेवतो रिकामी. दरसाल ठेवतो, उजव्या अंगाची. कोणी घुसलं तर काठीनं सारतो बाजूला. त्यात काय एवढं? खांद्याला खांदा लागला की मला गरम व्हतं. येईल म्हणून न्हाई ठेवत कोणासाठी, गैरसमज करून घेऊ नको.

आता काय दाखवून राहिलास? पळालेले परत फिरतात? दम खाऊन पुन्हा आपल्या रांगेत येऊन उभे ऱ्हातात? — खोटं! साफ खोटं. खऱ्यावानी म्हणे! कोण येतंय रे परत? आन् आलाच एखादा, तर शेजारच्यानं त्याला पहिला शब्द काय बोलायचा, ते लिवलंय का त्यांच्या पुस्तकात? न्हाई ना? मग कशाला खेळतोस असला खुळा खेळ.

हॉर्न वाजला, आला तुझा डायवर. जा. आज्याला जयभीम सांग माझा — न्हाई, काय बी नको सांगू. उठ, जा म्हणलं ना —

थांब. बंद नको करू ते. ती कडेची तुकडी... फिरली का रे? बघू दे. सरक तिकडं.