तिसरीच्या वर्गातली कबुतरी

कशी दिसणार हो, अबू फवाज – त्या दिवशी स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता, तुमची कबुतरी मला कुठून दिसणार? सकाळपासून तो पिवळा वारा सुटलेला, समोरचा डोंगर गिळून बसला होता, मिनार अर्धाच शिल्लक, दातांखाली रेती कचकच – सगळं अम्मान कुणी चाळणीत घालून हलवतंय असं वाटत होतं. तुमच्या डोंगरावरही तसंच असणार. मग अशा हवेत खानदानी पाखरू सोडलंत कशाला? – नाही, नाही, मी आपलं सहज विचारलं. रागावू नका. बसा. त्या डब्यावर नको, त्याला तळ नाही – इकडे, उशीवर. चढून दमलात, जरा श्वास घ्या.

शपथ? शपथ कशाला घालता? आपण दोघंही कबुतरवाले. आपली साक्ष काझीसमोर चालत नाही – माझी नाही, तुमचीही नाही – दुसऱ्याचं पाखरू आपल्या गच्चीवर उतरवणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत, म्हणतात लोक. मग इथं उन्हात शपथा घेऊन फसवायचं कोणाला? मी साधं सांगतो. पांढरी, पायांत पिसांचे मोजे, मानेवर तांबूस डाग – अशी कबुतरी मी पाहिली नाही. डाव्या पायात निळं कडं – तेही पाहिलं नाही. – कड्याचं तुम्ही बोलला नव्हतात? बोललात की. नाही? मग अंदाज केला असेल मी. खानदानी पाखरू म्हटलं की कडं आलंच.

ही खुर्ची ना? ही माझ्या सुहैरची. धाकटी मुलगी, तिसरीला शिकवते. साथीनंतर बाजार उघडले, कॉफीची दुकानं उघडली, शाळा तेवढ्या बंद – म्हणून वर्ग फोनमध्ये. आणि आमचं घर डोंगराच्या खोबणीत, खाली रेंजच नाही, म्हणून वर्ग गच्चीवर, कबुतरखान्याला लागून. मी शाळेची पायरी कधी चढलो नाही, अबू फवाज – म्हातारपणी शाळाच माझे जिने चढून वर आली. पण वर्ग कसला हो तो! फोनमध्ये बघावं तर काळ्या काळ्या चौकटी, प्रत्येकीत एक नाव, तोंड एकाचंही नाही. ती विचारते, ‘समजलं का?’ – चौकटी गप्प. ‘कुणाला अडलंय?’ – गप्प. एकदा एका चौकटीतून घोरण्याचा आवाज आला, तर केवढी खूश झाली – म्हणाली, बाबा, कुणीतरी आहे! काय काय केलं पोरीनं – कागदाचा मुकुट घातला, सातचा पाढा गाण्यात बसवला, माझे लोकरीचे मोजे नेले, एकाचा ससा केला, दुसऱ्याचा कोल्हा. भर थंडीत माझे पाय उघडे, आणि ससा-कोल्हा बेरीज-वजाबाकी करतायत. चौकटी काळ्या त्या काळ्याच. त्यात एक तालीन – शाळा बंद झाल्यापासून ती अक्षर बोलली नव्हती, आई सांगायची, फोन घेऊन पलंगाखाली शिरते. आणि त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं – मी एक दिवस वर्गात येऊन बसणार, पोरं अशीच असली तर वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, तुम्ही घरी बसा. आता घरीच तर बसलीये! – पण तुम्हाला कळलं. नोकरी जाणार. सुहैर हसत हसत वर्ग संपवायची आणि मग त्या पोत्यांकडे तोंड करून डोळे पुसायची. मला वाटायचं, धान्याचा भुसा गेला असेल.

तर त्या दिवशी – पाढा चालू होता, सात सक बेचाळीस – आणि आभाळातून धप्प! धुण्याच्या टपात, साबणाच्या पाण्यात. मी बघितलं – अल्ला, काय पाखरू! काय ती छाती! – माझ्या हातांनी माझं ऐकलंच नाही, जाळं उचललं, धावलो, पाय टपात, टप माझ्यासकट घरंगळला, आणि मी फोनच्या पुढ्यात पालथा – जाळं हवेत आणि मग जाळ्यात मीच. कबुतरी माझ्या पाठीवर उभी राहून पंख झटकतेय. – हसा, हसा, मिशीआड काय हसता. पोरंही हसली. एक चौकट उजळली, मग दुसरी, मग सगळी आळीच दारं उघडून बाहेर – कुणाचे दात पडलेले, कुणाचे केस उभे, एकाच्या तोंडात अख्खं फलाफेल – सगळी ‘आजोबा, आजोबा!’ आणि त्या गलक्यात एक बारीकसा आवाज – ‘तिच्या डोळ्यांत साबण गेलाय. पाणी द्या ना.’ सुहैरनं माझा दंड असा आवळला की नखं उमटली. तालीन होती ती.

म्हणजे – होती कुठलीतरी कबुतरी. तुमचीच असं कुठं म्हणालो मी? तिचं नाव बटाटा. – ओरडू नका, ओरडू नका! तुमच्याकडे अमीरा असेल हो, इथं पोरांनी मतं घेऊन बटाटा ठेवलं, मी काय करणार? आणि हाकेला येते. तुम्ही ‘अमीरा, अमीरा’ करत वर आलात, तिनं मान तरी वळवली का? – हां. – हे मी बोलायला नको होतं.

बरं, आहे. आत आहे. पण दाराला हात लावू नका, पाया पडतो – बसलीये ती. अंड्यांवर. – नर? नर माझाच. तो करडा, तिकडे भिंतीला चोच घासतोय तो, एका डोळ्यानं तिरळा. – गेलं खानदान पाण्यात, मान्य. मीही त्याला म्हटलं, अरे, आपली लायकी बघ. पण ती साबणातून बाहेर आली आणि समोर पहिला हाच दिसला. झालं ते झालं. आपण आता व्याही, अबू फवाज. व्याह्याच्या गळ्याला हात घालणार? सोडा. सदरा जुना आहे.

ऐका. सकाळी एका अंड्याला चीर गेलीये. तालीन आता सगळ्यांच्या आधी येते, पलंगावर बसते – वर, खाली नाही – आणि बटाटाला धडा वाचून दाखवते. माणसांना नाही, तिलाच. आणि ते ऐकायला बाकीची सगळी तोंडं दाखवून गप्प बसतात. आणि आज मुख्याध्यापिकाबाई वर्गात बसणार आहेत. आजच! सुहैर खाली रुमाल नीट बांधायला गेलीये, आली की सुरू. पाखरू तुमचं आहे, न्यायचं तर न्या, मी अडवणारा कोण – पण अंडी गार पडतील, आणि एकेक चौकट पुन्हा काळी होईल, आणि पहिली तालीनची होईल. पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. मग मी स्वतः पिंजरा घेऊन तुमच्या दारात येईन, आणि वर माझा कुठलाही नर निवडा – तो तिरळा सोडून, तो तुमचा जावईच आहे. – नुसते जाळीतून आत बघत काय राहिलात? लठ्ठ झालीये, हो ना? मसूर आवडते तिला. तुम्ही गहू घालत होतात वाटतं.

ती बघा, आली सुहैर. तिला काही बोलू नका हां, पाखराला मालक आहे हे तिला ठाऊक नाही – मी सांगितलं, अल्लानं पाठवलंय. जा आता, जा – जाताय? रिकाम्या हातानं? अहो, अबू फवाज… गेला.

शू! सुरू झालं. मुख्याध्यापिकाबाई आल्या फोनमध्ये. – काय गं, उम्म वाइल? शेजार झाला म्हणून भिंतीवरून एवढं वाकायचं? हळू बोल, तालीन वाचतेय. – कोण? अजून गेला नाही?

“कुठला जातोय तुझा तो मिशीवाला! जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसलाय, मी येताना फोन माझ्या नाकासमोर धरून विचारत होता – ताई, तिसरीच्या वर्गात शिरायचं कुठून?”