लाल खुणेवरचे नाव

चहा घेता घेता ऐका, कारण या गोष्टीत हसे माझेच झाले. आमची सून मनीषा मोबाइलची अ‍ॅप तयार करते. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावाच्या नकाशावर तिने प्रत्येक विहिरीची खूण काढली. कठडा असेल तर हिरवी, नसेल तर लाल. उघड्या विहिरीत एक वासरू पडले होते. उद्या लेकरू पडू नये, एवढाच हेतू.

मारुतीच्या पारावर तिने मोबाइल उघडला आणि सारा गाव हरखून भोवती जमला. मलाही राहवेना. मी म्हणालो, "नुसती खूण कशाला? लाल खुणेवर मालकाचे नाव लिही. लाजेने तरी कठडा बांधतील."

"नावं राहू द्या न, मामाजी," ती हळूच म्हणाली.

"देवाच्या दारात सत्य लपवू नये."

तिने तिथेच नावे भरली. शेजारचा नामदेव मोबाइलवर वाकला. "गुरुजी, पहिलं लाल नाव तं तुमचंच दिसून राह्यलं. तुमचा कठडा पोळ्यापासून पडूनच हाये न?"

पारावर हशा पिकला. मनीषाने विचारले, "पुसू का?"

"नको," मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी गवंडी लावला. चौथ्या दिवशी कठडा उभा राहिला, तसा मी जवळजवळ धावतच घरी आलो. "सूनबाई, आता हिरवी कर."

तिने चपला घातल्या. "आधी विहीर पाहून येते, मामाजी. सत्याचा प्रश्न आहे."