माहितीसाठी सादर

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको बाई, ती डुगडुगते, इकडे बसा — तर मी काय सांगत होतो, शाळेच्या वाटेवरच्या त्या पुलाचं काम मागे पडलेलं नाही. मुळीच नाही. पुलाबद्दल या कार्यालयात जेवढी माहिती आहे ना, तेवढं त्या पुलात सिमेंट नसेल. हसा, हसा. तुमच्या वर्गात पाढा आठवला नाही की मी असेच विनोद करायचो.

परदेशात मी काय शिकलो, माहितीये? आई शेजारणींना सांगते, "ऑफिसातले लोक कोणाला काय विचारतात, एवढंच शिकून हा साहेब झाला." बरोबरच आहे तिचं. अधिकारी माहिती कशी शोधतात आणि त्याने त्यांचं काम सुधारतं का, यावर माझा प्रबंध. निष्कर्ष काय? जो जास्त विचारतो, त्याचं काम जास्त चांगलं. आलेख होते बाई, रंगीत. म्हणून इथे आल्यापासून मी विचारतोच आहे. तुम्ही पुलाला तडा गेल्याचं कळवलंत, मी फोटो मागवले. फोटो आले, मोजमापं मागवली. मग अभियंत्याचं मत. मग त्या मतावर दुसऱ्या अभियंत्याचं मत — पहिला म्हणाला पूल धोक्याचा आहे, दुसरा म्हणाला पहिला बरोबर आहे. सगळं नीट लावून वर पाठवलं, ठळक अक्षरात लिहिलं, 'माहितीसाठी सादर'. आणि काय सांगू, सगळ्यांच्या सह्या होऊन परत आलं. प्रत्येकाने लिहिलेलं, 'पाहिले'. मी खूश — म्हटलं, इथे लोक वाचतात. मोठ्या साहेबांनी तर बोलावून पाठ थोपटली. म्हणाले, "हुशार आहेस. 'आदेशासाठी' लिहिलं असतंस तर कोणाला तरी आदेश द्यावा लागला असता. 'माहितीसाठी' म्हणजे बघा आणि विसरा. हे शिकेपर्यंत आमचे केस पिकले." — मी तर तो शब्द सरळ मनाने लिहिला होता हो. शब्दकोशातला अर्थ धरून.

मग तो शब्द बदलून परत का नाही पाठवलं, म्हणता? करणारच होतो. पण खरं म्हणजे पूल बंद करायला वर पाठवावंच लागत नाही, तो माझ्याच सहीने — पाणी घ्या ना. म्हणजे, नियमाप्रमाणे तसं आहे. पण बंद केला की पलीकडच्या वस्तीला केवढा वळसा, नगरसेवक माझ्या नावाने बोंब मारणार, आणि माझी नोकरी कायम व्हायची याच महिन्यात. म्हणून म्हटलं, अजून थोडी माहिती घेऊ. रहदारी किती, पाण्याला ओढ किती. माहिती मागणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही, हीच तर गंमत — माझ्या प्रबंधात हे प्रकरण राहूनच गेलं बघा. काम टाळायचं असलं की माणूस किती मन लावून विचारतो.

निघालात? बरं. अहवाल आला की कळवतोच. आणि बाई — जाताना पुलावरून नका जाऊ हं. बाजाराकडून जा, लांब पडेल, पण — माझी गाडी सोडेल तुम्हाला.

असं काय बघताय?

नाही. मुलांना नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं.

...बाई, शाळा किती वाजता सुटते?