लागत नसलेली डिस्क

ताई: म्हणजे दीड वर्ष तू मला हेच सांगत आलास, की बाबांची हार्ड डिस्क तुझ्या लॅपटॉपला लागत नाही.

भाऊ: नाहीच लागत. हे बघ, हिच्या वायरची पिन रुंद, चपटी. माझ्या लॅपटॉपला दोन्हीकडे ही बारकी भोकं. कशी बसवू, ठोकून?

ताई: म्हणूनच हे घेऊन आले. इकडून रुंद पिन आत जाते, तिकडचं टोक बारकं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं.

भाऊ: असलं कनेक्टर माझ्याकडेपण आहे. लावून पाहिलंय. डिस्कचा दिवा लागतो, पुढे काही नाही.

ताई: दाखव. हे ना? हे चार्जरबरोबर आलेलं दिसतंय. दुकानदार म्हणाला, काहींमधून नुसती वीज जाते, आतलं काही दिसत नाही. आणि तुला हे ठाऊक नाही?

भाऊ: मी घरांचे नकाशे काढतो ताई, वायरी विकत नाही.

ताई: मग माझं लाव.

भाऊ: चहा तरी घे आधी.

ताई: चहा कुठे पळून जात नाही. तुझी बायको परवा फोनवर सहज बोलून गेली, ‘हे दुपारी बाबांची डिस्क लावून बसतात.’ जी लागत नाही, ती लावून बसतोस?

भाऊ: हिच्या पोटात तीळ भिजत नाही.

ताई: म्हणजे खरं आहे.

भाऊ: टीव्हीला लावतो. टीव्हीच्या मागे रुंद भोक आहे. तिथे दाखवतो तुला आईचे फोटो, चल.

ताई: टीव्हीवर नुसते फोटो आणि व्हिडिओ दिसतात. कागद दिसत नाहीत. तेही विचारून आले.

भाऊ: कसले कागद?

ताई: शेवटच्या वर्षात बाबांनी कशाकशावर सह्या केल्या, ते.

भाऊ: सह्या? त्यांना चमचा धरता येत नव्हता.

ताई: तेच म्हणते मी. धरता येत नव्हता, तेव्हा त्यांचा हात कोणी धरला?

भाऊ: आण इकडे ते. घे, लावलं. बघ, उघडली. ‘आई’, ‘सहली’, ‘घर’. ‘घर’मध्ये कागद आहेत, एकूण एक वाच. बाबांनी सह्या केल्या तेव्हा तू समोर होतीस, सगळे त्या वेळचे.

ताई: आणि हे ‘डॉक्टर’ काय आहे?

भाऊ: तेवढं राहू दे.

ताई: तेच उघड.

(ती स्वतःच उघडते. व्हिडिओ सुरू होतो.)

बाबांचा आवाज: हा माणूस कोण आहे? याला बाहेर काढा. माझं घड्याळ यानेच नेलंय. माझ्या मुलीला बोलवा, ती धरेल याला.

ताई: कोणाला म्हणतायत?

भाऊ: खोलीत दुसरं कोण होतं?

ताई: बंद कर.

भाऊ: डॉक्टर म्हणाले होते, घरी कसे वागतात त्याचे व्हिडिओ काढून आणा. म्हणून काढले. तेव्हा बाबांचा कॉम्प्युटर चालू होता, त्यावरून यात ठेवले.

ताई: मला सांगायचं होतंस.

भाऊ: फोनवर तुझ्याशी छान बोलायचे. हे पाहून तुला वाटलं असतं, बाबा म्हणतात त्यात काहीतरी तथ्य असेल.

ताई: असं कसं वाटेल मला?

भाऊ: न बघताच वाटलं की.

ताई: …चुकले रे मी.

भाऊ: असू दे.

ताई: इतका राग करायचे, मग तुझ्या हातचं जेवायचे कसे?

भाऊ: नाहीच जेवायचे. दोन दिवस तोंड मिटून बसले. मग मीच म्हटलं, तुमचा मुलगा बाहेरगावी गेलाय, मी त्याने ठेवलेला माणूस. लगेच घास घेतला. पुढे रोज तेच सांगायचो.

ताई: आणि दुपारी काय बघत बसतोस?

भाऊ: नंतरचे व्हिडिओ. त्यात मुलाची आठवण काढतात. कधी येणार, नीट जेवत असेल का, सगळं मलाच विचारतात.

ताई: तुला काय म्हणून हाक मारायचे मग?

भाऊ: ‘अहो’ म्हणायचे. ‘अहो, आता तुम्हीपण दोन घास खाऊन घ्या.’