उंच गड्याच्या हाताच्या आत

वडीलधाऱ्या मंडळींनो, तालमीतल्या मुलांनो, आणि मागे पारावर बसलेल्या मावश्यांनो,

आपण सगळे आलात. कोणी मेहकरहून मोटारीने, कोणी धामणगाव बढ्याहून बैलगाडीने. दौलतराव वस्तादांची मुलगी म्हणून मला बोलायला सांगितलं आहे. बोलणं कठीण आहे. शब्द सापडतात, पण बोलताना आत काहीच हलत नाही. मी रडत कशी नाही, असं कालपासून पुष्कळांनी विचारलं. मला माहीत नाही. आपण जवळ येता, खांद्याला धरता, आणि माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. फौजेत बॉक्सिंग खेळताना खाल्लेल्या गुद्द्यांनी बाबा गेले, असं गावात बोललं जातं आहे. तसं नाही. मी नागपुरात डॉक्टरकी शिकले आहे, आणि नाडी मीच पाहिली. हृदय बंद पडलं. गुरुवारी सकाळी, याच तालमीत, चहाची कपबशी हातात असताना. गुद्द्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी गोष्ट गफूरची.

गफूरला आपण ओळखता. तो तिथे खांबाशी बसला आहे. धामणगावचा. जड गटातला, पण बुटका, आणि या तालमीत सगळ्यांत चपळ. रविवारी अकोल्याला त्याची बॉक्सिंगची लढत आहे. समोर नागपूरच्या पोलिसातला तोच गडी आहे, जो गेल्या वर्षी होता. गफूरपेक्षा वीतभर उंच.

गेल्या वर्षी काय झालं, ते आपल्याला आठवत असेल. घंटा वाजली आणि गफूरने सवयीने शड्डू ठोकला. कुस्तीत वाढलेला मुलगा. दोन्ही हात मांडीवर, आणि त्या गड्याचा डावा हात सरळ नाकावर. बाबा त्याला म्हणाले, "मांडीले सलामी देल्ली, अन् घेतली नाकानं. वा रे पठ्ठे!" नाक मी बसवलं. गफूर डोळे मिटून विचारत होता, "ताई, नाक मधातच हाय ना?" मी म्हटलं, आहे. "मंग झालं. अम्मी ओळखन."

तो गफूर काल मला म्हणाला, मी अकोल्याला जात नाही. वस्तादांचं सुतक पाळतो. मी म्हटलं, सुतक आमच्या घराला आहे, तुला नाही. तो म्हणाला, "वस्ताद माहे कोन होते मंग, ताई?" तालमीच्या पंचांनीही त्याचंच खरं केलं. वस्ताद नाहीत, शिकवणी अर्धी राहिली, मुलाला मार खायला कशाला पाठवायचं?

शिकवणी अर्धी राहिली, हे खरं आहे. उरलेली अर्धी मला माहीत आहे. म्हणून मी उभी आहे.

आपण बघता, मी उंच आहे. बाबा माझ्या कानापर्यंत येत. म्हणून घरी ओसरीवर नागपूरचा गडी मी व्हायची. "पोरी, डावा हात लांब कर. आता मले आत येऊ देऊ नको." मी हात ताठ करायची. बाबा यायचेच. प्रत्येक वेळी यायचे. मी चिडायची. ते हसायचे. "काऊन थांबली? मार ना बे!" मारणार कशी? ते इतके जवळ असायचे की माझा हात त्यांच्या पाठीमागे लोंबत असायचा.

गफूर, तुला शिकवलं ते आधी सांगते. त्या उंच गड्याच्या हाताच्या टोकाशी जोर असतो. तिथे उभं राहायचं नाही. एक तर पूर्ण बाहेर, नाही तर पूर्ण आत. तो हात टाकतो तेव्हा जायचं नाही. तो हात परत घेतो, तेव्हा त्या हाताबरोबर जायचं. त्याच्या डाव्या हाताच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे उजवा लांब राहतो. डोक्याकडे बघायचं नाही. तू विचारलं होतंस, "उडी मारू का त्याच्या टाळूले?" बाबा म्हणाले होते, "उडी नको मारू. बरगडीले मार. टाळू स्वतः खाली येते." हे तुला येतं.

आता राहिलेलं ऐक. बुधवारी संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "आत जानं त्याले आलं. निंघनं राह्यलं. उद्या सांगतो." आणि माझ्यावर करून दाखवलं.

आत गेलास, मारलंस, आता निघायचं. सरळ मागे निघालास तर पुन्हा त्याच्या हाताच्या टोकावर उभा राहशील. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत तेच झालं. मागे निघायचं नाही. कपाळ त्याच्या खांद्याला टेकव. टेकवलेलंच ठेव. त्याच अंगाने पाऊल टाकत त्याच्या बगलेजवळून पलीकडे जा. उंच माणसाला तिथे काही दिसत नाही. मी सांगते, काही दिसत नाही. माझ्या खांद्याला बाबांचं कपाळ टेकलेलं होतं, आणि पुढच्या क्षणी ते माझ्या मागे होते. मी समोर बघत होते. समोर कोणीच नव्हतं.

बाबा मागून म्हणाले, "पाह्य. उंच लोकायचं असंच असते."

एवढंच. ते गुरुवारी तुला सांगणार होते.

पंचांना मी नमस्कार करून सांगते, शिकवणी आता पूर्ण आहे. गफूरने जावं असं माझं म्हणणं आहे. सुतक मी पाळीन. त्याच्या वाट्याचंही मीच पाळीन. आणि गफूर, शड्डू ठोकू नको. इथे परत आलास की ठोक. बाबांची हरकत नसेल.

आता आपण सगळे उभे राहू या.

दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट असतं. घड्याळ मी धरायची. त्या मिनिटात बाबा कोणाला बोलू द्यायचे नाहीत. कितीही मार पडलेला असो, ना सल्ला, ना ओरडणं. "त्याले श्वास घेऊ द्या," म्हणायचे. मिनिट संपलं की त्याच्या पाठीवर हात ठेवून एकच शब्द.

तेवढं मिनिट शांत राहू या. कोणी बोलू नका. गफूर, तू इथे ये, माझ्यासमोर, पाठ करून उभा राहा.

मिनिट संपलं की "जाय" मी म्हणेन.